मडगार्डचा पोचा

‘‘हे चिलखत आहे की पापड?’’ संदेशनं कॉलवर विचारलं.

संदेश माझा टीम लीड, पुण्याच्या ऑफिसात बसतो. मी रिसोडला, सासरच्या माडीवर. गेममधल्या सैनिकाला तलवार लागली की त्याचं लोखंडी चिलखत कसं चेपेल ते बनवणं, हे माझं काम.

माझ्या चिलखतावर घाव बसला की तिथं ओरखड्याचं चित्र चिकटायचं. आमच्यात त्याला डीकॅल म्हणतात, साध्या भाषेत स्टिकर. क्लायंटला स्टिकर नको होता. पत्रा खरोखर आत जायला हवा होता. म्हणजे मेश हलवायची; मेश म्हणजे वस्तूला आकार देणारी बारीक त्रिकोणांची जाळी.

‘‘शुक्रवारी डेमो आहे,’’ संदेश म्हणाला. ‘‘फसला तर घरून काम बंद. तुला पुण्याला यावं लागेल.’’

माझा नवरा इथल्या कॉलेजात शिकवतो. संसार आत्ता कुठं जागेवर आलेला. पुन्हा पुण्यात एकटीची खोली? नको रे बाबा!

अशा वेळी रेफरन्स लागतो, म्हणजे समोर ठेवून बघायला खरी वस्तू. अंगणात सासऱ्यांचा ट्रॅक्टर होता. त्याच्या मडगार्डला ट्रॉली घासून भला मोठा पोचा पडलेला. मी निरखून पाहिलं. पोचा एकटा आत जात नाही, आजूबाजूचा पत्रा ओढून नेतो. रंग खोलात नाही, काठावर तडकतो. मग काय, सकाळ-संध्याकाळ फोटो काढत सुटले आणि तसंच मेशमध्ये उतरवत गेले. झकास जमत होतं.

बुधवारी राहिलेले फोटो काढायला खाली आले, तर पोचा गायब! मडगार्ड सरळ, वर ताजा लाल रंग.

सासरे खाटेवर बसून गालात हसत होते. ‘‘कसं काय वाटते?’’

‘‘बाबा, हे काहून केलं?’’

‘‘तू रोज त्या पोच्यापाशी उभी राहून फोटो काढून राह्यली. म्या म्हटलं, पोरीले लाज वाटत असन आपल्या ट्रॅक्टरची. मंग नेला डेंटिंगवाल्याकडं.’’

आधी डोक्यात सणकच गेली होती, पण हे ऐकून डोळे भरून आले. ‘‘अवो बाबा, मले तो पोचाच पायजे होता. कामासाठी!’’

‘‘असं व्हय? थांब मंग, ट्रॉली लावून पुन्हा पाडतो.’’ ते खरंच चावी शोधायला उठले.

‘‘खबरदार!’’ सासूबाई आतून ओरडल्या.

बाबांना अडवता अडवता माझा हात मडगार्डवर फिरला. पत्रा दिसायला सरळ, पण हाताला लाटा लागत होत्या. तिरप्या उन्हात तर त्या डोळ्यांनाही दिसत होत्या. आणि माझी ट्यूब पेटली. आमच्या गेममध्ये सैनिक लढाईनंतर चिलखत दुरुस्त करतो आणि ते एका क्षणात कोरं करकरीत होतं. मग आधीचा घाव खरा कसा वाटणार?

दोन दिवस मान वर केली नाही. दुरुस्तीनंतर मेश पूर्ण सपाट होऊ दिली नाही, बारीक लाटा ठेवल्या. त्याच जागी पुन्हा घाव बसला तर पत्रा जास्त खोल जाईल, असंही केलं.

शुक्रवारी क्लायंटनं दुरुस्त केलेल्या जागीच तलवार मारायला लावली. मग पुन्हा. मग माइक चालू आहे हे विसरून म्हणाला, ‘‘अरे, भारीच!’’ डेमो पास. संदेशनं एवढंच लिहिलं, ‘‘रिसोडलाच राहा.’’ मी माडीवर एकटीच नाचले.

संध्याकाळी बाबांना स्क्रीनवर ते चिलखत दाखवलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. ‘‘ह्याचा डेंटिंगवाला कच्चा हाय,’’ ते म्हणाले. इतकी मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिली नव्हती.

आता पुढच्या गेमसाठी गंज हवाय, आणि गच्चीवरची धान्याची जुनी लोखंडी कोठी त्यासाठी उत्तम आहे. यावेळी शहाणपणा केला. पहिला फोटो काढायच्या आधीच जेवताना सगळ्यांना बजावून ठेवलं, की कोठीला कोणी हात लावायचा नाही. घरून काम करायचं तर घरच्यांनाही ब्रीफ द्यावा लागतो.