जिवंत माणसाची गोधडी

मुलीनं पाठवलेल्या पाकिटातून चोवीस पांढरे चौकोनी कापडी तुकडे निघाले. प्रत्येकावर वेगवेगळ्या हस्ताक्षरात इंग्रजी मजकूर होता. सोबत एका जुन्या, बिनबाह्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीचा हातभर तुकडा. बायकोनं आधी त्याचा वास घेतला, तो धुतलेला आहे याची खात्री करून घेतली आणि मग मला म्हणाली, "वाचा."

आम्ही सुरतेत, गोडादऱ्याला राहतो. मी मराठी शाळेत शिक्षक होतो. मुलांना प्रमाण मराठी शिकवण्यात हयात गेली, पण घरात त्या मराठीचं काही चाललं नाही. बायको अहिराणीच बोलते आणि मुलगी गुजरातीत भांडते. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे एक बिनपगारी खातं आलं: गल्लीतलं लेखन. लग्नपत्रिका, मानपत्रं आणि चौकात लागणारे श्रद्धांजलीचे फलक. या अनुभवावरून मी सांगू शकतो की मानपत्र आणि श्रद्धांजली यांत फारसा फरक नसतो. विशेषणं तीच असतात. मानपत्राच्या शेवटी तेवढं दीर्घायुष्य चिंतायचं.

मुलगी मेलबर्नला आहे, दोन वर्षं झाली. एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरात मागची खोली घेऊन राहते. पहिले काही महिने फोनवर ती फक्त "हो" आणि "जेवले" एवढंच बोलायची. मग एका शनिवारी त्या आजींनी तिच्या गळ्यात एक लोकरी मफलर अडकवला आणि तिला मैदानावर नेलं. त्यांचा तिथला फुटबॉल बघायला. तेव्हापासून तिचा आवाज बदलला. आजींचा पंचवीस-तीस जणांचा एक गट आहे. सगळे एका जुन्या खेळाडूचे चाहते. त्याला खेळून बरीच वर्षं झाली, पण यांची भक्ती उतरलेली नाही. या गटानं आमच्या मुलीला आपल्यात घेतलं. तिथं तिला दुसरं कोणी नाही.

त्यांनी खेळाडूच्या आठवणी कापडावर लिहायचं ठरवलं. पण त्या तुकड्यांचं पुढे करायचं काय, हे कोणाला सुचेना. तेव्हा आमची मुलगी बोलून गेली, "माझी माय गोधडी शिवते. ती करून देईल."

हे बायकोला आधी खरंच वाटलं नाही. कारण हीच मुलगी कॉलेजात असताना मैत्रिणी येणार म्हटलं की घरातल्या सगळ्या गोधड्या उचलून पलंगाखाली ढकलायची आणि वर दुकानातलं ब्लँकेट पसरायची. आता तीच तीस गोऱ्या माणसांसमोर गोधडीची जबान देऊन बसली होती.

"सगळे चाहते हॉलमध्ये जमणार आहेत," तिनं बस पकडता पकडता सांगितलं. "त्याच्या आठवणी आहेत गं सगळ्या. छान कर."

मी चष्मा लावला आणि वाचायला बसलो. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे. पण दोन-तीन तुकडे झाल्यावर मी गोंधळलो.

एकानं लिहिलं होतं: त्या दिवशी तू सोपा झेल सोडलास आणि स्वतःलाच हसलास, मी आठ वर्षांचा होतो, त्या दिवसापासून मला शाळेत चुकायची भीती वाटेनाशी झाली. एका बाईनं लिहिलं होतं की तिच्या मुलाच्या पायाच्या प्लास्टरवर त्यानं सही केली आणि प्लास्टर काढल्यावर घरात ते फेकू द्यायला कोणी तयार होईना. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं: माझी बायको टीव्हीसमोर बसून तुझ्यावर ओरडायची, ती गेली, पण मी अजून तिच्या वतीनं ओरडतो. आणि एका तुकड्यावर एवढंच होतं: तू थांबलास त्या वर्षापासून शनिवार येतात, पण त्यांत काही नसतं.

मी चोवीसही तुकडे वाचले. एकातही "देदीप्यमान" नव्हतं. "अष्टपैलू" नव्हतं. तो किती सामने जिंकला, त्याला कोणते चषक मिळाले, याचा पत्ता नव्हता. तो कुठल्या समितीवर होता, याचाही नव्हता. सगळ्यांना आठवत होता तो त्याचा सोडलेला झेल, त्याचं पावसात भिजलेलं डोकं आणि मैदानाबाहेर जाताना एका रडणाऱ्या पोराला दिलेलं अर्धं संत्रं. असलं मानपत्र मी नेऊन दिलं असतं, तर गल्लीतल्या मंडळानं मला पुन्हा बोलावलं नसतं.

खेळ समजला तर माणूस समजेल, म्हणून मी फोनवर त्यांचा एक सामना लावला. त्यानं गोंधळात भर पडली. त्याला फुटबॉल म्हणतात, पण चेंडू नारळासारखा लांबट. हातात धरून पळायची मुभा, मात्र मित्राला द्यायचा तर मुठीनं ठोसून. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर गुडघे रोवून उंच चढतात आणि चेंडू धरतात, आणि याबद्दल कोणी पोलीस बोलवत नाही. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक गुण. आणि या चुकण्याचीही दखल घेण्यासाठी एक माणूस खास उभा असतो. तो गंभीरपणे झेंडा हलवतो. मी इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासले. चुकलेल्या उत्तराला कधी झेंडा हलवला नाही.

बायको खेळाकडे बघत नव्हती. ती तुकडे ओळीनं मांडत होती. "मरी ग्या का तो?" तिनं विचारलं.

मी विचार केला. सगळं भूतकाळात लिहिलेलं. सगळे हॉलमध्ये जमणार. आणि मुख्य म्हणजे चोवीस माणसं एका माणसाबद्दल चांगलं बोलत होती, आणि एकाचंही काही काम अडलेलं दिसत नव्हतं. जिवंत माणसाच्या वाट्याला हे आलेलं मी पाहिलेलं नाही.

"गेला," मी म्हणालो. शिक्षकाच्या आवाजात.

बायकोनं डोक्यावर पदर घेतला, "चांगला व्हता बिचारा" म्हणाली आणि कामाला लागली. सुरतेत कापडाला तोटा नाही, पण ते सगळं सिंथेटिक. त्यात सुई सटकते आणि ऊबही येत नाही. म्हणून आत भरायला तिनं स्वतःच्या तीन जुन्या सुती साड्या काढल्या, त्यांतली एक आमच्या मुलीच्या बारशाची. वर चोवीस तुकडे, मधोमध जर्सीचा पट्टा. आणि चारी बाजूंनी तिनं पांढऱ्या मांजरपाटाची किनार लावली. एरवी तिच्या गोधडीला लाल किनार असते. पांढरी फक्त गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करताना.

तिच्या आईची आणखी एक रीत आहे. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी आत पोळीचा वाळवलेला घास ठेवायचा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही आणि ती पांघरणाराही राहत नाही. गेलेल्या माणसाच्या गोधडीत घास ठेवत नाहीत. या गोधडीतही ठेवायचा नव्हता.

तीन आठवडे धावदोरा चालला. शेवटचा कोपरा उरला, त्या दिवशी शेजारच्या काकू साडीला लेस लावायचं काम घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या. त्या विदर्भातल्या. त्यांनी गोधडी न्याहाळली, जर्सीच्या तुकड्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "सर, कशानं गेला जी हा माणूस?"

"ते लिहिलेलं नाही."

"चोवीस जणांनं लिवलं आन् कशानं गेला ते एकानंबी नाई लिवलं? आमच्याकडं तं आधी तेच सांगतेत."

हा मुद्दा बिनतोड होता. बायको माझ्याकडे बघू लागली. मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली होती, मुलगी स्वयंपाकघरात होती, मागे आजी काहीतरी तळत होत्या.

"तो खेळाडू कशानं गेला गं?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"कोण गेलं?"

"तुमचा तो. गोधडीवाला."

"आप्पा, तो परवा आजींना बाजारात भेटला. कोबी घेत होता."

"अगं, पण त्या सगळ्या आठवणी..."

"तो रिटायर झालाय! तुम्ही पण रिटायर झालात ना? आम्ही तुम्हाला हार घातला का?"

घातला होता. शाल, श्रीफळ आणि हार, शाळेतल्या तिघांनी मिळून. आणि शाळेनं दिलेल्या मानपत्रात मी "देदीप्यमान" होतो. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"माय कुठंय? तिनं काही तसलं केलं नाही ना?" मुलीचा आवाज एकदम बारीक झाला. "मी सगळ्यांना सांगितलंय, आप्पा. तो स्वतः येणार आहे घ्यायला. आजींनी हॉलमध्ये खुर्च्या सांगितल्यात."

मी फोन ठेवला आणि बायकोला झाल्या प्रकाराची कल्पना दिली. वर समजूत काढली, "त्यांच्याकडे पांढऱ्या किनारीचा काही अर्थ नाही. छानच म्हणतील. त्यांना काय कळतंय?"

"माले कळस ना," ती म्हणाली. "पोरले बी कळस."

आणि तिनं ब्लेड घेतलं. चारही बाजूंची किनार, तिचा टाका अन् टाका, तिनं उसवायला घेतला. काकूंनी स्वतःचं लेसचं काम बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. "सर, तुमीबी बसा," त्या म्हणाल्या. "मारलं तं तुमीच." मी बसलो. जिवंत माणसाला जिवंत करायला आम्हा तिघांना दोन दिवस लागले. मग लाल किनार लागली.

घासाचा प्रश्न त्यानंतर आला. बायकोनं पोळी वाळवून तयार ठेवली होती. मुलीला ते कळलं आणि ती फोनवर रडकुंडीला आली. त्या देशात बाहेरून खाण्याचा कणही नेता येत नाही. पार्सल उघडतात, कुत्री हुंगतात, सापडलं तर अख्खं पार्सल जप्त करू शकतात.

"म्हणजे माझ्या गोधडीचा घास काढून घेणार?" हे वाक्य बायको ठसक्यात, शुद्ध मराठीत म्हणाली. ती फार रागावली की असं होतं.

"माय, प्लीज. अशीच पाठव. कोणाला कळणार आहे आत काय आहे ते?"

हाच युक्तिवाद मी चार दिवसांपूर्वी करून पाहिला होता.

"जित्ता माणूसले उपाशी गोधडी धाडतस का कोनी?" बायको म्हणाली. मग ती तो उघडा कोपरा बोटांत धरून बसली. मला वाटलं, आता काही गोधडी जात नाही. पोरगी तिकडे तीस लोकांसमोर रिकाम्या हातांनी उभी राहणार. बायकोनं सुईत लाल दोरा ओवला, गाठ मारली, सुई कोपऱ्याजवळ कापडात टोचून ठेवली आणि गोधडीची घडी घातली. कोपरा उघडाच. फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "घास तू ठेव. कोपरा तू शिव."

"मला येत नाही, माय."

"पाहेल तं शे ना तू."

पाहिलेलं होतं, हे खरं. पलंगाखाली ढकलण्याआधी दर वेळी पाहायची.

पार्सल गेलं आणि वेळेत पोचलं. नंतर एका रविवारी, आमच्या सकाळच्या चहाच्या वेळी, मुलीनं हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. मी कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघत होतो. पण कार्यक्रम असा नव्हताच. प्रमुख पाहुणा नव्हता, दीपप्रज्वलन नव्हतं, माईक कोणाच्या हातात नव्हता. माणसं कप घेऊन उभी होती. मी मुलीला विचारलं, "तो कुठाय?" तिनं फोन वळवला. टक्कल पडलेला एक जाडसर माणूस गुडघा धरून हळूच खुर्चीत बसत होता. गर्दीतल्या कोणाच्याही खांद्यावर तो कधीकाळी चढला असेल, यावर माझा विश्वास बसेना.

त्याच्या मांडीवर गोधडी पसरली. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि एकेक तुकडा वाचू लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोच्या वतीनं ओरडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तुकड्याशी तो थांबला, मान वर करून त्यानं काहीतरी विचारलं, आणि मागून एक थकलेला हात वर झाला. मग दोघंही हसले. का हसले, ते मला ऐकू आलं नाही. मी गोंधळलेला होतो तो होतोच.

मग आजी त्याला तो कोपरा दाखवू लागल्या. आदल्या दिवशी आमच्या मुलीनं पोळी लाटली होती आणि घास आत ठेवून कोपरा शिवला होता. आजी शेजारी दिवा धरून बसल्या होत्या. आत काय आहे हे कळल्यावर त्या माणसानं तो कोपरा दोन बोटांत धरून दाबून पाहिला. मग मुलीकडे वळून काही म्हणाला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"विचारतोय की, भूक लागली तर उघडायचा का?" मुलगी हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "मी म्हटलं, मायला विचारून सांगते."

मी फोन बायकोच्या हातात दिला. खेळाडूकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं पडद्यावर दोन बोटं ताणून तो कोपरा मोठा केला आणि नाकाजवळ नेऊन नीट तपासला.

"पोरना टाका मोठा शे," ती म्हणाली. मग मुलीला सांगितलं, "त्याले सांग, नको उघडू. आपन दुसरा घास देसूत."