कुंपणावरचं कापड

मिरजेहून बंगळूरची गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन लुगडी, एक तांब्या आणि एक कोष्टक होतं. कोष्टकासाठीच निघाले होते. डाव्या रकान्यात आयर्लंडमधल्या जुन्या केल्ट लोकांचे देव, उजव्या रकान्यात आपले. दोन्हींच्या भाषांचं मूळ एक, तेव्हा देवही कुठे तरी जुळावेत, या भरवशावर मी शाळेत शिकवून उरलेला दोन वर्षांचा सगळा वेळ घालवला होता. पुस्तकाची बाकी पानं छापून झाली होती. हे शेवटचं प्रकरण छपाईचे खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून छापखान्यात पडलं होतं.

"आठ दिवस थांबतो बाई," छापखानेवाले म्हणाले. "पुढं मला खिळे लागतील. मग आहे तसं छापणार."

आयर्लंडचं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळं पुस्तकांवरून लिहिलेलं. बंगळूरला एक आहे असं कळलं, म्हणून हा प्रवास.

गाडी लहान रुळांची, डबे अरुंद. हुबळीला डोळ्यात कोळशाचा कण गेला तो अरसीकेरेपर्यंत चोळत होते. बंगळूरला उतरले ती पाठ धरूनच. बाहेर जटका केला (टांग्याचाच प्रकार, पाय दुमडून आत बसायचं). जटकेवाल्यानं वाटेत घोडा थांबवला आणि नव्या विधानसौधाकडे चाबूक दाखवून म्हणाला, "नोडी अम्मा (बघा बाई)!" पाहिला. मोठा आहे. मला आंघोळ हवी होती.

शिवाजीनगरात चंद्राअक्काकडे उतरले. ती माझ्या मावसबहिणीची नणंद. घराणं तीन पिढ्या इथं शिवणकाम करतं. पुढं दुकानात तीन मशीन, मागं घर. अक्कानं उप्पिटात अवरेकाळू (पावट्याचे दाणे) घातले होते. थंडीत इथं प्रत्येक पदार्थात ते असतातच. वाढता वाढता तिनं सून दाखवली. सुमित्रा, दिवस भरलेली, भिंतीला टेकून काजं करत बसलेली. गेल्या वर्षीचं मूल चार दिवसांचं होऊन गेलं होतं. ती कुणाशी फारसं बोलत नव्हती.

"नोराम्माकडेच आलीस ना?" अक्का म्हणाली. "आज संध्याकाळी जा. उद्या सकाळी मला जायचंय तिच्याकडे, काम आहे."

नोराबाई म्हणजे रेल्वेतल्या एका आयरिश ड्रायव्हरची विधवा. साहेब लोक जाऊन दहा-बारा वर्षं झाली, ही राहिली. जानेवारीचा शेवटचा दिवस. मी पोचले तेव्हा बाई चर्चला गेल्या होत्या. ओसरीवर बसले. दिवे लागले, दव पडू लागलं, आणि कुंपणावर एक पांढरं कापड तसंच राहिलेलं दिसलं. दुसऱ्याचं धुणं भिजताना मला बघवत नाही. उचललं, घडी केली, ओसरीवरच्या टोपलीत टाकलं.

थोड्या वेळानं नोराबाई आल्या. ठेंगण्या, खणखणीत. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. मी कोष्टक उघडलं. दनूपाशी माझं अडलं होतं: तिकडं ती देवांची आई, आपल्याकडं वृत्रासुराची. नोराबाईंनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. नुआदा मात्र वडिलांच्या गोष्टीतला म्हणून ओळखीचा निघाला. लढाईत हात तुटलेला राजा. वैद्यानं चांदीचा हात बसवला.

"आमच्या सूर्यदेवाचे, सवित्याचे हात गेले, तेव्हा देवांनी सोन्याचे बसवले," मी म्हणाले.

"सोन्याचे! पैसेवाले दिसतात तुमचे देव."

मग कोष्टकात ब्रिजिड आली आणि बाईंचा चेहरा बदलला. मी तिच्यासमोर सरस्वती लिहिली होती, कारण पुस्तकात ती कवितेची देवी.

"देवी कसली? संत आहे ती. आणि कवितेचं मला ठाऊक नाही. गाय अडली की आई तिला हाक मारायची." त्यांनी कोष्टक माझ्याकडे सरकवलं. "हे कुणाला विचारून लिहिलंत?"

कोष्टक मिटून पिशवीत टाकलं. मी परत येऊन आडवी झाले.

सकाळी अक्काबरोबर पुन्हा गेले, तर नोराबाई कुंपणापाशी वाकून काही तरी शोधत होत्या. अक्का त्यांच्याशी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या तमिळमध्ये बोलली आणि खाली बसली.

"कापड गेलं गं," ती मला म्हणाली. "ब्रिजिडम्मा वर्षातून एकदा, कालच्या रात्री फिरते. बाहेर टाकलेल्या कापडाला हात लावून जाते. ते बाळंतिणीच्या उशाला ठेवायचं. सुमित्रासाठी मी नवं मांजरपाट फाडून दिलं होतं."

 मी टोपलीतून घडी काढून समोर धरली. "दव पडत होतं," एवढंच म्हणाले.

नोराबाईंनी कपाळाला हात लावला. "रात्र एकच असते," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "आता वर्षभर नाही."

मी अक्काला ते सांगितलं. ती कापड उलटसुलट बघत राहिली.

"मास्तरीणबाई, दिवे लागायच्या आधी उचललंस की नंतर?"

"नंतर."

"मग सरी (ठीक) आहे. इथं देवी दिवेलागणीला येते. म्हणून तर दार उघडं ठेवतो. ही बाई चाळीस वर्षं इथं राहते, तिच्या ब्रिजिडम्माला इथली वेळ कळली नसेल होय? सांग तिला."

मी शब्द न बदलता सांगितलं. नोराबाईंनी मग कापड हातात घेऊन किती भिजलंय ते चाचपलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "स्वल्प (थोडंसं)." आणि ते अक्काच्या हातात दिलं.

"आणि काय गं," वाटेत अक्का म्हणाली, "सरस्वती कधी गाईच्या बाळंतपणाला गेली होती? तिच्यापुढं सटवाई तरी लिहायचीस."

घरी सुमित्रानं कापड घेतलं, पोटाशी धरलं आणि मी आल्यापासून पहिल्यांदा जेवायला मागितलं.

सातव्या दिवशी मी छापखान्यात होते. "सरस्वती काढा," म्हटलं.

"तिथं काय घालू?"

सटवाई घालावी, असं क्षणभर मनात आलं. पण तीही एकाच माणसाला विचारून लिहिल्यासारखी झाली असती. "काही नको. जागा रिकामी ठेवा."

"पान वाईट दिसेल, बाई."

"दिसू दे."

पुस्तक तसंच निघालं. काहींनी ती छापखान्याची चूक समजून मला कळवलं.

या गोष्टीला वर्ष झालं. परवा अक्काचं पत्र आलं. सुमित्राची मुलगी धरून उभी राहते. मी त्याचं श्रेय कापडाला देणार नाही. सुईण हुशार होती. पुढं लिहिलंय, यंदा गल्लीतल्या आणखी दोघींनी नोराम्माच्या कुंपणावर कापडं टाकली. दिवे लागल्यावर नोराम्मा स्वतः बाहेर आली आणि घडी करून सगळी आत नेली. अशीच रीत आहे, म्हणाली.