बादशहाच्या सुतकाची सुट्टी

दिवाळी-होळीची सुट्टी पंचांगातून यायची, खास सरकारी सुट्टी मात्र तारेतून. नागपूरहून बुलढाण्याला, तिथून आमच्या तहसिलीत आणि तहसिलीतून दवंडीवाल्याच्या डफावर गल्लोगल्ली. विलायतेत बादशहा वारला तेव्हा अशीच एक आली. माझा नवरा तहसिलीत कारकून. दुकानं बंद करवायचं काम यांच्याकडे आलं. घरचंच माणूस गेल्यासारखा चेहरा करून हे सकाळीच गावभर फिरून आले.

नेमके त्याच पहाटे शेजारचे म्हातारे गेले होते. कोरडवाहू शेतीवर जगणारं घर, पण माझ्या बाळंतपणात दुधाचा तांब्या रोज त्यांच्याकडूनच यायचा. प्रेतावर घालायला कोरं कापड हवं होतं आणि कापडवाल्यानं यांच्याच धाकानं फळ्या लावून घेतल्या होत्या. म्हाताऱ्यांचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, घडीभर दुकान उघडाले सांगा ना. बुढ्याले उचलाचं हाये."

"वरून हुकूम आहे. आज नाही उघडता येणार."

"माहा बाप काय मुद्दाम आजच मेला, भाऊसाहेब?"

"हुकूम आहे ना," हे आढ्याकडे बघत पुटपुटले. एरवी बाजारात केवढा यांचा आवाज! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आत गेले, पेटीतलं यांचं कोरं धोतर आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"ठेवा वहिनी. तुमच्या बादशहाले लागन."

चिडून बोलला असता तर मी सोसलं असतं. तो अगदी हळू बोलला आणि पायऱ्या उतरून गेला.

दुपारी म्हाताऱ्यांना आमच्या दारावरून नेलं. अंगावर मुलाचाच फेटा धुऊन घातला होता, अजून ओला होता. मुलगा बोडक्या डोक्यानं मडकं धरून पुढे चालला होता. गल्लीतल्या बाया ओट्यांवर उभ्या होत्या. माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. मला यांची लाज वाटत होती, आणि यांची बायको म्हणून स्वतःचीही.

संध्याकाळी तहसिलीत शोकसभा होती. सगळे अंमलदार यायचे होते.

"ते कोरं धोतर कुठं ठेवलंस?" यांनी विचारलं.

मी पेटी उघडून ते यांच्या हातात दिलं.