अक्कांची दुपार

यंदा मी जेवढी पुस्तकं वाचली, ती बहुतेक सगळी एसटीत वाचली. सकाळी सोलापूर ते मंगळवेढा, संध्याकाळी मंगळवेढा ते सोलापूर. बसायला जागा मिळाली तर वाचन, उभं राहावं लागलं तर उपवास. मंगळवेढ्यात मी एका बँकेच्या शाखेत कॅशला बसते. पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीटच घालते, आणि डबा त्याच पिशवीत असल्यामुळे माझ्या प्रत्येक पुस्तकावर कुठे ना कुठे शेंगाचटणीचा तेलकट डाग आहे.

मतं मात्र माझी पक्की आहेत. दिवाळीनंतर एक कादंबरी वाचली. तिच्यातली बाई नवऱ्याशी भांडून डोंगरातल्या गावात जाऊन राहते आणि तिथे तिला म्हणे स्वतःचा शोध लागतो. अर्धं पुस्तक ती धुकंच बघते. मागे राहिलेल्या पोरांचा डबा कोण करत होतं, हे एका ओळीत तरी सांगायचं की नाही? बेगमपूरचा पूल आला तेव्हा मी ते मिटलं, ते परत उघडलंच नाही. उलट एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं आत्मचरित्र असं आवडलं, की उतरायचं भान राहिलं नाही. कंडक्टरच म्हणाला, ‘‘ओ मॅडम, तुमची बँक आली की.’’ त्या बाईने आपल्या सासूबद्दल एकही गोड खोटं लिहिलेलं नाही, म्हणून आवडलं.

पण दात कोरून पोट भरत नाही. मला असं तुकड्यातुकड्यांनी वाचायचं नव्हतं. मला अख्खी दुपार हवी होती. आणि अशी दुपार माझ्या डोळ्यांसमोर एका बाईकडे होती, रोजच्या रोज.

ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या घरात खालच्या मजल्यावर दीर-जाऊ राहतात, वर आम्ही. चुली वेगळ्या, जिना एक. मी त्यांना अक्का म्हणते. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे चिडल्या की कन्नडात जातात, पण माझ्यावर कधी चिडलेल्या नाहीत. जावा जावा, उभा दावा म्हणतात, तसं आमचं काही नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं. बोलून मोकळी झाले असते, हेवा आत मुरला नसता.

हेवा सुरू झाला तो भिशीपासून. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे, पण पैशांची नाही, पुस्तकांची. महिन्यातून एका रविवारी प्रत्येकीने घरातलं एक पुस्तक आणायचं, मग चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने अख्खा गठ्ठा घरी न्यायचा आणि पुढच्या भिशीला पोहे खाता खाता सांगायचं, काय आवडलं, काय नाही. बाकीच्यांपैकी कुणी वाचलं असेल तर तिनेही बोलायचं. ही कल्पना माझी. गल्लीत वाचणारी बाई म्हणून माझंच नाव होतं, ते आणखी जरा मोठं व्हावं अशी इच्छा होती, खोटं कशाला सांगू.

हिवाळ्यात चिठ्ठी अक्कांची निघाली. मला वाटलं, त्या दोन वाक्यं बोलतील आणि पोहे वाढायला उठतील. त्या गठ्ठ्यात एक कथासंग्रह होता, सगळा दुःखाचा. तो मीही बसमध्ये वाचला होता आणि ‘‘छान आहे, ओघवता आहे’’ असं बोलून ठेवलं होतं. अक्का पदर सावरून म्हणाल्या, ‘‘त्यातली माणसं कुटं रडत्यात? लेखकच मधी मधी येऊन रडतोय. म्हटलं, बाबा, तू गप बस, त्यास्नी रडू दे की.’’

बायका हसून हसून बेजार झाल्या. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तर टाळी वाजवली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पोहेसुद्धा तिखट लागले. हे मला का सुचलं नाही? मीही तेच पुस्तक वाचलं होतं, मलाही ते खटकलं होतं, पण खटकलं ते नेमकं काय हे शोधायला मला वेळ मिळाला नव्हता. मी पान उलटलं होतं आणि स्टॉप आला होता.

त्यात भर म्हणजे, त्यांच्याकडून पुस्तकं परत आली ती कोरीकरकरीत. डाग नाही, दुमडलेलं पान नाही. मी मनात चित्र रंगवलं. जेवणं उरकल्यावर अक्का हात स्वच्छ धुतात, पंखा लावतात, चटईवर आडव्या होतात आणि चार वाजेपर्यंत वाचतात. मग उठून चहा. त्या घरी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात, ते मला माहीत होतं. त्यांची ज्वारी तर मीच मंगळवेढ्याहून आणवते. पण ते काम सकाळचं, असं मी धरून चालले होते. मी संध्याकाळी येते तेव्हा त्यांचा ओटा पुसलेला असतो आणि त्या अंगणात मोगऱ्याला पाणी घालत असतात. मी जिना चढताना त्या विचारतात, ‘‘दमलीस व्हय गं?’’ त्या ‘दमलीस’चा मला राग यायचा. न दमलेल्या माणसालाच असं विचारायला सुचतं.

मार्च लागला आणि चिठ्ठी माझी निघाली. गठ्ठा फ्रिजवर ठेवला. बघता बघता भिशीचा रविवार जवळ आला आणि माझी फक्त दोन बारकी पुस्तकं झाली होती. सगळ्यात जाड कादंबरीला तर हातही लागला नव्हता. या वेळी असं काहीतरी बोलायचं, की अक्कांचं ते ‘लेखक रडतोय’ बायका विसरून जातील, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. शेवटी मी दाढ दुखत असल्याचं सांगितलं, अर्धी रजा टाकली आणि उन्हाच्या कारात सोलापूरला आले. एक दुपार. अक्कांसारखी. पंखा, चटई आणि ती कादंबरी.

वर गेले. फ्रिजवर गठ्ठा होता, त्यात कादंबरी नव्हती. लेकीची शाळा सकाळची असते, त्यामुळे ती घरात असायला हवी होती. तीही नव्हती.

मग खालून आवाज आला. कुणीतरी वाचत होतं, मोठ्याने, छान थांबत थांबत. म्हाताऱ्याचं बोलणं म्हाताऱ्यासारखं, पोरीचं पोरीसारखं. माझ्या लेकीचा आवाज ओळखायला मला जिन्याच्या चार पायऱ्या उतराव्या लागल्या, कारण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याशी ती डबा, फी, गणवेश आणि ‘‘आई, चार्जर कुठंय’’ एवढंच बोलते. तेरा वर्षांची आहे. मी समजत होते, मोबाईलमधली पोर, ही कुठली वाचतेय.

अक्कांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. पंखा बंद, आचेवर वारा चालत नाही म्हणून. अक्का परातीपुढे बसल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ, पदर कमरेला खोचलेला, कपाळावरून घाम निथळत होता. थापायची, भाजायची, मग मंद आचेवर कडक होईस्तोवर ठेवायची. दुपार ही त्यांची भाकरीची वेळ होती. समोर ओट्याला टेकून माझी लेक, मांडीवर ती जाड कादंबरी. पुस्तकं कोरी का राहत होती ते आत्ता कळलं. पिठाचा हात पुस्तकाला लागतच नव्हता.

लेक वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘‘मोठीआई, हा माणूस बायकोला सॉरी म्हणतो ना, पण दरवेळी जेवताना म्हणतो. जेवण मिळावं म्हणून म्हणतो की नाही?’’

अक्का खदखदून हसल्या. ‘‘व्हय की गं! हे मी कसं बघितलं न्हाय? हे भिशीत सांगू?’’

‘‘सांग. मागच्या वेळी लेखक रडतोय असं मी म्हणाले होते ते पण सांगितलंस की.’’

म्हणजे ते वाक्य माझ्या लेकीचं होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण आधी पोटात दुखलं, आणि चांगलंच दुखलं. इतके महिने मी अक्कांच्या दुपारीवर जळत होते, पंख्यावर, चटईवर, नसलेल्या चैनीवर. आणि जळण्यासारखं जे खरं होतं ते माझ्या घरातून रोज जिना उतरून खाली जात होतं. नावही बघा, मोठीआई. मी नुसतीच आई.

अक्कांनी मला बघितलं. ‘‘अगं, आज लवकर? बरं हायेस नव्हं?’’

‘‘दाढ,’’ मी म्हटलं. खोटं बोलायला लागलं की ते निभवावं लागतं. ‘‘मी बसू का इथं?’’

‘‘बस की. पर हात धुऊन ये. हितं रिकाम्या हातानं कोण बसत न्हाय.’’

मी हात धुतले आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला बसले. अक्कांनी पिठाचा गोळा माझ्याकडे सरकवला. माझी भाकरी जाड झाली, कडेला चिरली. अक्कांनी ती बाजूला ठेवली, घरच्यासाठी. लेकीने पान शोधलं आणि पुढे वाचायला लागली. ती पुस्तकाच्या अर्ध्याच्या पुढे होती. कोण कुणाचा भाऊ, कुणाचं घर विकलं गेलं, मला काहीच कळेना. एका वाक्याला तिला हसू फुटलं आणि तिने वर बघितलं. अक्कांकडे. अक्काही हसत तिच्याचकडे बघत होत्या. काय झालं ते न कळता मीही हसले.

अक्कांच्या ते ध्यानात आलं. ‘‘अगं, आईला सांग की मागचं थोडं. तिला कसं कळंल?’’

लेकीने पुस्तकात बोट घातलं. माझ्या हाताकडे बघितलं, पिठाकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, अगदी सरळ विचारत होती.

‘‘आई, उद्या येणारेस का तू? येणार असशील तर पहिल्यापासून वाचते.’’

उद्या सकाळी माझी बस होती. ते तिलाही माहीत होतं, अक्कांनाही माहीत होतं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली.

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘आहे तिथून वाच.’’