पाठ करून बसलेल्या बाई

वाट चुकलेला एक वाळवंटी धाविक पक्षी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळच्या कुरणात उतरल्याचे कळले, आणि मीही दुर्बीण घेऊन गेलो. उघड्या वाळूत अंडी घालणारा, वाळूच्याच रंगाचा तो पक्षी जमलेल्या आम्हा पक्षीनिरीक्षकांची नजर जाणवताच हिरव्या गवतात अंग चोरून बसे, आणि अधिकच उठून दिसे. ग्लासगोहून आलेल्या एक वयस्क मराठी बाई मात्र त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होत्या.

"एवढ्या लांबून पाठ दाखवायला आलात?" मी विचारले.

"अहो, त्याला वाटतंय आपण लपलोय. आपण बघत राहिलो तर तो हलायचा नाही, उपाशी मरेल. वळा तुम्हीही."

मी वळलो. थोड्या वेळाने मात्र राहवेना, म्हणून हळूच मागे पाहिले. किडे टिपत धावणारा तो पक्षी तत्क्षणी खाली बसला.

"खातोय ना?" बाईंनी न वळता विचारले.

मी "हो" म्हणालो. त्यांनी समाधानाने थर्मासचे झाकण लावले.