तिकिटावर एक नाव, विमानावर दुसरं

"ही आमची कंपनी नाय," असं म्हणून विमलमावशी बॅगेची मूठ धरून काउंटरपासून मागे सरकल्या.

ओझर विमानतळावर मी एका एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर काम करते. समोर दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार रामनाथकाका आणि त्यांच्या पत्नी विमलमावशी उभ्या होत्या. मुलगी जर्मनीत, तिचं बाळंतपण अगदी जवळ आलेलं. जावयाने तिथूनच तिकीट काढून पाठवलं होतं. त्यावर नाव परदेशी कंपनीचं. त्या नावाचा बोर्ड शोधण्यात दोघांचा बराच वेळ गेला होता. शेवटी गेटवरच्या जवानाने त्यांना माझ्याकडे धाडलं, तेव्हा काउंटर बंद व्हायला आला होता.

मी सांगितलं, "याला कोडशेअर म्हणतात. दोन कंपन्यांचा करार असतो. आमच्या विमानातल्या काही सीट ते आपल्या नावाने विकतात. दिल्लीपर्यंत आमचं विमान, पुढे त्यांचं."

"मग मालक कोण?" मावशींनी विचारलं.

"या विमानाचे आम्ही."

"आणि तुमचा मालक?" काकांनी विचारलं.

"तो मागे बदलला. नाव तेच राहिलं."

मावशींनी काकांकडे पाहिलं. "बघा. ह्यांचाच ठिकाणा नाय."

मी तिकिटावरचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, टाकला. सिस्टिममध्ये काहीच आलं नाही. मॅनेजर सर मागून म्हणाले, "पीएनआर दिसत नसेल तर बुकिंग नाही. काउंटर क्लोज कर."

"सर, हा त्यांच्या सिस्टिमचा पीएनआर आहे. आपल्याकडे वेगळा असेल. ई-तिकिटाच्या नंबरवरून बघते."

"लवकर बघ."

दोन्ही नावं स्क्रीनवर आली. माझा जीव भांड्यात पडला. पण मावशी बॅग सोडेनात. आत बाळंतविडा होता. दुपटी, कुंची आणि त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी.

काका समजावू लागले, "अगं, आपल्या द्राक्षांसारखंच हाय. पिकवतो आपण, पेटीवर नाव एक्स्पोर्टरचं."

"आणि तिकडं माल खराब निघाला, तर कोणाला धरतात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत्तापर्यंत मी त्यांना करार समजावत होते. मावशींना मात्र धरायला कोणाचा तरी पत्ता हवा होता.

मी बॅगेला थेट म्युनिकचा टॅग लावला. मावशींना टॅगवरचं त्यांचं नाव वाचून दाखवलं. टॅगच्या पावतीमागे माझं नाव आणि काउंटरचा फोन नंबर लिहिला. "दिल्लीत बॅग घ्यायची नाही, ती पुढे आपोआप जाईल. नाही मिळाली तर मला फोन करा. कंपनी कोणती, मालक कोण, ते मी बघते."

"तुम्ही इथंच असता ना?"

"इथंच असते, मावशी."

त्यांनी बॅग स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवली.

पुढच्या दिवशी दुपारी काउंटरचा फोन वाजला. परदेशी नंबर बघून मी लगेच उचलला. काका बोलत होते. "पोचलो मॅडम. बॅग बी आली. पोरगी बरी हाय. आता घरात तिची आई कोणाचं ऐकत नाय, सगळं तीच बघती."

सरांनी विचारलं, "कम्प्लेंट आहे का?"

"नाही सर. बॅग मिळाली म्हणून फोन केला."

नोकरीत इतकी वर्षं झाली, पण असा फोन पहिल्यांदाच आला. प्रवासी कंपनीचा मालक कोण म्हणून विचारतो, तेव्हा शेअर कोणाकडे किती याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. अडलंनडलं तर कोणाला गाठायचं, एवढंच तो विचारत असतो.