पावणं, बसा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, देवळात गेल्यावर हा माणूस आधी लोकांच्या चपला बघतो आणि मग देव. तिचं काही चुकत नाही. पण हा स्वभाव मी काही आईच्या पोटातून आणला नाही, तो मला नोकरीनं दिला. एका दूध संस्थेत मी तेहेतीस वर्षं फॅट काढली, म्हणजे आलेलं दूध तपासून घेतलं. सकाळ-संध्याकाळ रांगेतून किटल्या यायच्या. प्रत्येक किटलीत पाणी आहे असं धरून चालायचं, आणि नसेल तर ते दुधानं सिद्ध करायचं, ही माझी पद्धत. माणसं हसून बोलायची, पोराबाळांच्या शपथा घ्यायची. मी माणसाच्या तोंडाकडे बघायचोच नाही. लॅक्टोमीटरची काडी किती बुडते तेवढंच बघायचो.

आता निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. मी कसबा बावड्यात मुलाच्या फ्लॅटवर राहतो. आबा, म्हणजे माझे वडील, उचगावला जुन्या घरी धाकट्या भावाजवळ. वय नव्वदीला टेकलेलं. दर रविवारी दहाच्या सुमाराला मी जायचो, जेवायचो, दुपारी परत यायचो.

दोन वर्षांपूर्वी असाच एका रविवारी गेलो. आबा दारातल्या कट्ट्यावर बसले होते. मी गाडी लावली तशी त्यांनी वर बघितलं, थोडं बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाले, "या पावणं, बसा." मग आत तोंड करून ओरडले, "च्या टाका गं, पावणं आल्यात!"

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात. एसटीत जागा मागायची तरी 'पावणं, जरा सरका की.' त्यात राग नसतो आणि लोभही नसतो. पण पोटच्या पोराला पावणं म्हटलं, तर तो टोमणा. आठवड्यातून एकदा येतोस, ताटावर बसतोस, हात धुऊन चालू लागतोस, मग पाहुणा नाही तर कोण, असा त्याचा अर्थ. मला तो कानशिलात बसावा तसा बसला. आणि लगेच मनात आलं, आबा असं तिरकं बोलणारे नव्हेत. त्यांना कुणीतरी शिकवलंय.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. धाकट्याची बायको दारात उभी होती. माझी नजर पडली तशी ती आत गेली. झालं, मला एवढं पुरे होतं.

तेव्हापासून मी जेवायला कमी आणि तपासायला जास्त जाऊ लागलो. आबा दर वेळी पावणंच म्हणायचे, एकदाही चुकले नाहीत. "काय म्हनतंय गाव?" "घरची मंडळी बरी हायत न्हवं?" "पाऊसपानी हाय का तुमच्याकडं?" असे कुणालाही चालतील असे प्रश्न विचारायचे. मी एक विचारलं की उत्तर धाकटा द्यायचा.

"आबा, ऊस गेला का?"

"गेला की दादा, गेल्या आठवड्यातच," धाकटा म्हणायचा.

"मी आबास्नी विचारलंय."

आबा हसायचे आणि धाकट्याच्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, भितात त्याला. तो आम्हा दोघांना पाच मिनिटंही एकटं सोडत नव्हता. आबांचा मोबाइल दिसेनासा झाला. कपाटाला कुलूप आलं. मग एका रविवारी बघतो तर फाटकालाही आतून कुलूप. जन्मात आमच्या फाटकाला कुलूप नव्हतं, गुरं आत येऊ नयेत म्हणून नुसती तार अडकवलेली असायची. "हे कशाला?" म्हटलं, तर धाकटा म्हणाला, "असंच, कुत्री येत्यात." कुत्र्यासाठी कुणी कुलूप लावतं का?

शेजारच्या म्हाताऱ्यानं उरलेलं सांगितलं. आबांना गाडीत घालून धाकट्यानं दोनदा कोल्हापुरात नेलं होतं, त्यातलं एकदा कालच, हातात फाईल होती. आता रस्त्याकडेची आमची वीस गुंठे जमीन, चारी बाजूंनी घरं उठलेली. दोन अधिक दोन करायला मला कागद लागत नाही. तसाच परत येऊन मी आबांचा हात हातात घेतला. माया म्हणून नव्हे, अंगठा बघायला. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला निळी शाई होती. आबांना मात्र बरं वाटलं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "हात लई गार हाय की तुमचा. आता जेवूनच जावा."

त्या रात्री बायकोला म्हणालो, आबांनी मला तोडलं. ती म्हणाली, "कशाबद्दल तोडतील?" कारण होतं, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका सकाळी आमच्या म्हशीनं पान्हा सोडायला वेळ लावला. संस्था बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून आबा धार काढून तसेच पळत आले. किटली हाताला कोमट लागत होती. रांगेत निम्मं गाव उभं. मी काडी सोडली, ती खाली गेली. मोठ्यानं म्हणालो, "पानी हाय. दूध परत."

आबा म्हणाले, "पुन्यांदा बघ."

मी पुन्हा बघितलं नाही. "बापाचं म्हनून सोडू व्हय?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. आबांनी किटलीचं झाकण लावलं आणि गेले. गावानं माझं कौतुक केलं, पोरगा बापालाही सोडत नाही म्हणाले. मीही महिनाभर छाती काढून हिंडलो. आबा त्यानंतर कधी संस्थेची पायरी चढले नाहीत. आई दूध आणायची, नाहीतर धाकटा. घरात त्याचा एक शब्द निघाला नाही.

चार वर्षांनी आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, धारोष्ण दुधाला लॅक्टोमीटर लावायचा नाही. दूध ऊन असलं की पातळ असतं, काडी बुडते, चांगल्या दुधातही पाणी दाखवते. आधी निवू द्यायचं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगायला पाहिजे होतं. गणपती झाल्यावर सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू, असं करत तीस वर्षं गेली. रोज उठून लोकांच्या दुधातलं पाणी काढणाऱ्या माणसाला स्वतःची एवढीशी चूक काढवली नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

म्हणून 'पावणं' ऐकून मी असा पेटलो होतो. म्हातारपणी आबांनी जुना राग बाहेर काढला आणि धाकट्यानं त्याचा फायदा घेतला, असा माझा हिशेब.

शेवटी एका रविवारी मी चहाचा कप खाली ठेवला आणि धाकट्याला म्हणालो, "कागद दाखव."

"कसलं कागद?"

"आबांचा अंगठा घेतलास ते. फाईल आण."

तो उठला. मग कपाटाचं कुलूप काढून फाईल आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. दवाखान्याचे कागद होते. औषधांच्या चिठ्ठ्या, डोक्याचा फोटो, आणि मध्ये एक कोरा कागद, त्यावर निळ्या शाईनं काढलेला वेडावाकडा गोल. बारापर्यंतचे सगळे आकडे एकाच बाजूला कोंबलेले, दुसरी बाजू रिकामी. काटे नव्हतेच. डॉक्टरांनी आबांना घड्याळ काढायला सांगितलं होतं. अर्धा तास आबा पेन धरून बसले होते म्हणे, बोटं शाईनं भरेपर्यंत.

मी तो कागद उलटून मागचीही बाजू बघितली. काय करणार, सवय.

"त्यांना वळखू येत न्हाय दादा," धाकटा म्हणाला. "म्हंजी वळखू येत न्हाय हे कळू देत न्हाईत. सगळ्यास्नी पावणं म्हनत्यात. मला बी. वैनीला परवा म्हनले, पावण्याबाई, तुमचं घर कुठलं?" वैनी म्हणजे माझी बायको. तिनंही मला हे सांगितलं नव्हतं. "पहाटं किटली घिऊन डेरीकडं पळत्यात. दोनदा हायवेवर सापडलं. म्हनून कुलूप."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर इश्वास ठेवला असतास व्हय?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. आत धाकट्याची बायको भाकरी थापत होती. वर्षभर मी तिच्याशी धड बोललो नव्हतो.

त्यानंतर मी रविवारची वाट बघणं सोडलं. सकाळी सहालाच जाऊ लागलो, कारण त्या वेळी आबा थोडे ताळ्यावर असतात असं धाकटा म्हणायचा. आज सांगायचंच, असं ठरवून जायचो, आणि 'या पावणं, बसा' ऐकलं की चहा पिऊन तसाच परत यायचो. पाहुण्यानं कशाची माफी मागायची?

गेल्या महिन्यात असाच गेलो. आबा कट्ट्यावर होते, मांडीवर रिकामी किटली. मी बसलो तसे ते माझ्याजवळ सरकले, दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पावणं, ह्या घरातली मानसं मला बरी दिसत न्हाईत. कुलूप घालत्यात. तुमी डेरीच्या वाटनं जाणार हायसा न्हवं?"

"जाणार की."

"तितं माझा थोरला असतोय. फॅट काढतोय. त्याला एक निरोप द्या. म्हनावं, पानी मी न्हवतं घातलं. म्हशीनं येळ लावला, धार काढून तसाच पळालो. बापाला चोर समजून बसलाय त्यो."

मग जे तीस वर्षं तोंडात होतं ते आलं. "आबा, त्याला म्हाईत हाय. दूध ऊन हुतं म्हनून काडी बुडाली. चूक त्याचीच हुती."

"तुमास्नी कुनी सांगितलं?"

"मीच त्यो, आबा. मीच तुमचा थोरला."

आबांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मान हलवली.

"न्हाय. त्यो न्हवं तुमी. त्यो मानसाच्या तोंडाकडं असं बघत न्हाय."

आत कप वाजले. धाकट्याची बायको चहा घेऊन येत होती. आबा घाईनं किटली माझ्या हातात देत म्हणाले, "तुमी चांगलं मानूस दिसताय. एवढी पोच करा. त्याला म्हनावं, पुन्यांदा बघ."

"देतो," मी म्हणालो, आणि झाकण काढून आत बघितलं.